डोक्यावरचा धोंडा

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची फोकांची मोठी टोपली. माझं तोंड कायम जमिनीकडे असतं, त्यामुळे आजवर मी कुणाला उलटून बोललो नाही. आज बोलतो, कारण प्रसंगच तसा गुदरला.

माझा जन्म वडवणीजवळच्या एका वस्तीवरचा. कचरूबाबांनी ओढ्याकाठची निरगुडी तोडली, ओले फोक वाकवून मला विणलं आणि मुक्ताबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले, "घे, तुझ्या कोंबड्यांचा बंगला." पुढे कचरूबाबा गेले, बंगला राहिला. घरामागे न्हाणीच्या भिंतीला लागून माझी जागा. दिवस कलला की मुक्ताबाई कोंबड्या गोळा करायची, मला त्यांच्यावर पालथं घालायची आणि माझ्या डोक्यावर एक धोंडा ठेवायची. डोक्यावर धोंडा आला की माणूस कुरकुरतो. डालग्याचा मात्र तोच मान.

बारा वर्षांत माझ्या पोटातून एक पीस हललं नाही. वस्तीवरच्या बाया म्हणत, "मुक्ताक्काचं डालगं मंजी तिजोरी हाय." ऐकून मी फुगायचो. वाळलेला फोक फुगेल तेवढाच.

यंदा ऊस घरांपर्यंत आला आणि उसातून तो आला. कुणी म्हणे कोल्हा, कुणी म्हणे खोकड. कोंबड्यांनी चौकशी केली नाही. एका सांजेला एक कोंबडी गेली, तिसऱ्या सांजेला दुसरी, मग दर तिसऱ्या सांजेला एकेक. मी जागेवर, धोंडा जागेवर, कोंबडी नाही. तिजोरीचं नाव गेलं. बाया म्हणू लागल्या, "डालगंच हलकं हाय."

मग माझं वजन वाढवायचं ठरलं. शेजारच्या राधाकिशनने हौसेनं दोन धोंडे आणले, वर फुटक्या जात्याची तळी ठेवली. माझे दोन फोक कडाकड मोडले. मला ओरडून सांगायचं होतं की तो वरून येतच नाही! पण माझं तोंड जमिनीकडे.

कोल्हा बाहेरून उकरायचा. न्हाणीच्या पाण्यानं माती मऊ, त्याचं काम सोपं. सकाळी मुक्ताबाई ते भोक बघायची, म्हणायची, "काय उकरत्यात ह्या कोंबड्या!" आणि माती लोटून, वरून शेणानं छान सारवून टाकायची. चोराची वाट दर वेळी इतक्या मायेनं सारवून देणारं घर पंचक्रोशीत दुसरं नसेल.

आता आत एकटी टिपकी उरली होती. खुडूक बसलेली. पोटाखाली तेरा अंडी, एकोणीस दिवस झालेले. तिला घरात न्यावं तर खुडूक कोंबडी जागा हलली की अंड्यांवरून उठते. आणि टिपकी म्हणजे कचरूबाबांनी आणलेल्या कोंबडीच्या वंशातली शेवटची. ती गेली की मुक्ताबाईच्या अंगणात त्यांच्या हातचं एवढं मोडकं डालगंच उरणार होतं.

त्या दिवशी मुक्ताबाईनं सारवलं नाही. माझ्यापाशीच राखण बसली. दुपारी राधाकिशन कागदात काहीतरी घेऊन आला.

"मुक्ताक्का, मटणाच्या बोट्या हायत. रानात फवारायचं औषध लावलंय. दिवस मावळला की ठिवतो बांधाला. कोल्ह्याचा इषय संपला."

मुक्ताबाईची सून आम्रपाली घरातून धावत आली. "मामा, आदी ते खाली ठिवा. लेकरं खेळत्यात तितं. अन् कोल्हा मारणं गुन्हा हाय."

"मंग कोंबड्या मारणं काय पुण्य हाय का? त्याला सांग की जाऊन!"

तेवढ्यात मेंढरंवाला म्हाळू आला. विषाची बातमी त्याला लागली होती, आणि त्याचा भुऱ्या कुत्रा बांधाबांधानं हिंडणारा.

"बे राधाकिशन, कोल्ह्यानं हुंगून सोडलं अन् माझ्या भुऱ्यानं खाल्लं मंजी? तू राखणार हायस का मेंढरं?"

"मी कावून राखू?"

"भुकायला तर येतंय की तुला."

मुक्ताबाईला हसू आलं, लगेच विरलं. "दादांनो, भांडा नंतर. आज सांजेला तो येनार. माझी टिपकी कशी वाचती ते सांगा."

म्हाळू माझ्यापाशी बसला. मेंढरामागं आयुष्य गेलेला माणूस, आधी जमीन बघतो. ते भोक बघून म्हणाला, "मुक्ताक्का, कोंबडी आतून उकरती. ही माती तर बाहेर पडली हाय. तुमी धोंडं डोक्यावर ठिवता, तो येतोय पायाकून."

बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं होतं.

मग घाई उडाली. म्हाळूनं कोकरांच्या वाड्यावरची तारेची जाळी आणली. टिपकीला न हलवता माझ्याभोवती ती हातभर रुंद, जमिनीलगत आडवी पसरली. माझ्या डोक्यावरची तळी आणि धोंडे उतरवून जाळीच्या कडांवर दाबले. एक जुना धोंडा तेवढा वर राहिला, मानाचा.

म्हाळूनं मान वळवली. राधाकिशनच्या घरामागं दर रविवारच्या कोंबडीची पिसं अन् आतडी पडलेली. "अन् त्याला बोलावतंय कोण, ते बी बगा."

"म्या कुठं बोलावलं?"

"ताट वाढून ठिवल्यावर बोलवाया लागत न्हाई."

राधाकिशन कागद हातात धरून उभा. मुक्ताबाई म्हणाली, "आजची सांज थांबा, दादा."

"एकच सांज. टिपकी गेली तर मंग माझी बोटी."

दिवस मावळला. दार लोटून सगळे आत बसले. उसाचं पान वाजलं. मग पावलं, हलकी. ओलं नाक माझ्या फोकाला लागलं. आत टिपकीनं श्वास धरला, मी तर धरलेलाच होता. खर्र, खर्र. नखं मातीऐवजी जाळीवर गेली. तो थांबला. दुसऱ्या बाजूला गेला. खर्र. तिसऱ्या बाजूला. मोडक्या फोकापाशी त्यानं दात लावले. फोक करकरला. मी जन्मात कधी नव्हतो एवढा ताठ झालो. पण त्याला हातभर मागं सरून जाळीच्या बाहेरून उकरायची अक्कल नव्हती. माझ्या कडेलाच जाळी खरडत राहिला. आणि मग ऊस पुन्हा वाजला, लांब.

तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात अकरा पिल्लं चिवचिवली. राधाकिशननं बोट्या खोल खड्ड्यात पुरल्या, शेजारी आतड्यांसाठी दुसरा खड्डा खणला. आता तो वस्तीभर सांगतो, "डालग्याची युक्ती आपलीच. धोंडं कुणी आणलं व्हतं?"

मित्रांनो, माझे मोडलेले फोक अजून तसेच आहेत. मला चुलीत घालायच्या आधी दोन ओले फोक लावून बघा, अजून दहा वर्षं पुरेन. आणि घरावर संकट आलं की धोंडे जरूर गोळा करा. फक्त ठेवायच्या आधी एकदा वाका.

मुक्ताबाई आजही रोज सारवते. पण आधी माझ्यापाशी वाकते आणि बघते, माती आत पडलीय की बाहेर.