होकार आला

आमच्या साहेबांचं आवडतं वाक्य आहे, "लोकांनीच आपले नंबर चव्हाट्यावर मांडलेत, आपण फक्त वेचतो." मी एकदा म्हटलं, "दार उघडं दिसलं म्हणून कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतं का हो?" ते हसले आणि चहा मागवला. मीही प्यायले. पगार घेते ना, तोंड तरी किती चालवायचं!

जाहिरातींच्या साइटवरून नाव, नंबर, पत्ता उचलायचा आणि दुकानदारांना विकायचा, हे आमचं काम. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या तर कॉम्प्युटर त्या जोडतो. ही उचललेली माहिती आमच्यातल्याच कुणी पळवू नये म्हणून आमचे मोबाइल सकाळीच साहेबांच्या खणात कुलूपबंद होतात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मध्यंतरी वकील येऊन सांगून गेले की लोकांच्या परवानगीशिवाय हे आता चालायचं नाही. साहेबांनी लगेच शक्कल लढवली. सगळ्यांना मेसेज पाठवायचा, 'आमच्याकडे आपली माहिती अशी आहे. बरोबर असेल तर हो कळवा.' खाली नाव, नंबर, पत्ता. दोन नंबर असतील तर दोन्हीकडे. आज सकाळी बटण मीच दाबलं. वाटलं, चला, निदान विचारतोय तरी.

दुपारी होकार आलेली नावं हिरवी व्हायला लागली. त्यात चिमीचं नाव दिसलं.

चिमी माझी धाकटी बहीण. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, शिवणकाम सुरू केलं. जाहिरातीत पत्ता दिला, नंबर नवा दिला, पण स्वतःचं नाव मुद्दाम दिलं नाही. ई-मेल मात्र जुनाच ठेवला. तेवढ्यावरून कॉम्प्युटरनं तिची जुनी नोंद शोधून नव्या पत्त्याला जोडली होती. आणि 'हो' आला होता जुन्या नंबरवरून. तो फोन ती निघाली तेव्हा नवऱ्यानं हिसकावून घेतला होता.

मी तडक ऑफिसच्या फोनवरून तिला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घेणार कशी? मीच बजावलं होतं तिला, "अनोळखी नंबर उचलू नकोस गं, आमच्यासारखे मेले असतात."

"साहेब, खण उघडा."

"सुटायच्या आधी मोबाइल नाही. नियम म्हणजे नियम."

"नियम गेला खड्ड्यात! किल्ली द्या, नाहीतर फोडते खण."

त्यांनी मुकाट्यानं किल्ली दिली. मी खण उघडून माझा मोबाइल काढला आणि चिमीला लावला.

या वेळी तिनं लगेच उचलला. "ताई, मघापासून कोण मेला सारखा फोन करतोय, डोकं उठवलंय नुसतं."

"चिमी, आतून कडी लाव. त्याला पत्ता कळलाय."

कडी सरकल्याचं ऐकू आलं, मग शिवणयंत्र फरशीवरून दाराकडे ओढल्याचं. मी जिना उतरून रस्त्यावर आले, मिळेल त्या गाडीत बसले, फोन कानालाच होता. अर्ध्या वाटेत पलीकडे दारावर थाप पडली. आणि त्याचा आवाज, गोडगोड, तिला नावानं हाका मारणारा.

"घरमालकीणबाईंना खिडकीतून हाक मार!" मी ओरडले. गाडीवाला दचकून मागे वळला.

मी पोचले तोवर घरमालकीणबाईंनी पोलिसांचा धाक घालून त्याला हुसकावलं होतं. चिमीला ओरखडासुद्धा नव्हता. पण त्यानं दार पाहिलं होतं, म्हणजे ती खोली गेलीच.

सामान बांधताना तिनं विचारलं, "त्याला पत्ता दिला कुणी?"

"आम्ही. बटण मी दाबलं. तुझी परवानगी मागत होतो."

"आणि ती त्यानं दिली?"

"हो. तुझ्या नावावर होकार लागलाय."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दोऱ्याची रिळं पिशवीत भरत राहिली.

"ती जाहिरात आधी काढून टाक," मी म्हटलं. "पुन्हा कुठेही नंबर द्यायचा नाही, पत्ता द्यायचा नाही."

तिनं फोन हातात घेतला, जाहिरात उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

"मग गिऱ्हाइकाला मी सापडणार कशी गं, ताई?"