सदतीस डोकी

सहल म्हटली की शाळेतल्या मास्तरांना एकेक दुखणं आठवतं. कुणाची कंबर धरते, कुणाच्या घरी नेमके पाहुणे येतात. कडेगावजवळच्या त्या शाळेत मात्र लालासाहेब गुरुजी छाती काढून उभे राहिले. पलटणीत पंधरा वर्षं काढून आलेला गडी! "सदतीस पोरं औंधला नेतो, सदतीस आणतो. त्यात काय एवढं!"

हेडमास्तरांनी सोबत हरणाबाईला दिलं. तिची नात चौथीत होती, आणि तिचा स्वतःचा जन्म मेंढरांमागं गेलेला. गुरुजींनी नाक मुरडलं. शिस्तीच्या कामात म्हातारी कशाला?

औंधला पोचताच गुरुजींनी शिट्टी फुंकून डोकी मोजली. डोंगर चढताना मोजली, यमाईचं दर्शन झाल्यावर पुन्हा मोजली.

"आवं मास्तर, लेकरं अशी सारखी मोजू न्हाईत, दिष्ट लागती," हरणाबाई म्हणाली.

"मग तुमी मेंढरं कशी सांभाळता?"

"मोजत न्हाई. वळखतो."

गुरुजी मिशीत हसले.

परतताना पायथ्याला तीन शाळांची पोरं एकमेकांत मिसळली. सगळ्या पोरांची खाकी चड्डी, पांढरा सदरा. मोजणी छत्तीसवर अडली आणि गुरुजींना घाम फुटला. तेवढ्यात चुरमुऱ्याच्या पाटीपाशी एक पोरगं रेंगाळताना दिसलं. ते काही सांगायला गेलं, पण गुरुजींनी त्याला कान धरून गाडीत कोंबलं. "गप! उलट बोलायचं न्हाई!" सदतीस भरली. एस.टी. सुटली.

कोसभर गेल्यावर हरणाबाई उठली. "मास्तर, गाडी थांबवा. आपला आकाराम न्हाई."

"पुरी सदतीस हाईत!"

"असतील. पन ह्यो कोन?"

गुरुजींनी वळून बघितलं. "कुठला रं तू?"

"तासगावचा," पोरगं चुरमुरे चावत म्हणालं.

"मग आमच्या गाडीत कशाला बसलास?"

"तुमीच बसवलं न्हवं का! मी सांगत व्हतो, तर गप म्हनला."

गाडीत हशा पिकला. हसले नाहीत ते एकटे गुरुजी. अरे देवा! परक्याचं पोर पळवलं आणि आपलं हरवलं! नऊ वर्षांचा मुखदुर्बळ आकाराम त्या परक्या गावात एकटा होता. ड्रायव्हरनं कुरकुरत गाडी वळवली.

"कळपात एखादं मेंढरू बुजरं असतंय," हरणाबाई म्हणाली. "त्ये वरडत न्हाई, म्हनून त्येच्याकडं जास्ती बघायचं असतंय. आकारामनं खाली उतरताना दोनदा करंगळी वर केली. तुमी त्येलाबी गपच म्हनला."

"मला वाटलं, पोरगं खोडी करतंय."

"वाटायचं कशाला? इचारायचं की!"

गुरुजी गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

पायथ्याला तासगावचे मास्तर लालबुंद होऊन हाका मारत होते. त्यांचं पोर त्यांच्या हवाली करून गुरुजी धावत सुटले. पाण्याच्या टाकीमागं, भिजल्या चड्डीनं, लाजून आकाराम लपला होता. गुरुजींना बघताच त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मारू नका गुरुजी. मी सांगितलं व्हतं..."

पलटणीतल्या गड्याचे डोळे भरून आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या कमरेला गुंडाळला. "चुकलं माझं, बाळा."

परतीच्या वाटेवर आकाराम त्यांच्या शेजारी बसला. त्यानं हळूच विचारलं, "गुरुजी, लढाईत तुमाला भ्या वाटायचं?"

"वाटायचं की. पन आजच्यावढं न्हाई."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हेडमास्तरांच्या टेबलावर नवा नियम लिहून ठेवला. सहलीत दोन-दोन पोरांची जोडी हवी, मोजायचं ते नाव घेऊन आणि तोंड बघून, आणि सोबत हरणाबाईसारखं जाणतं माणूस हवंच.

मित्रहो, पोरं प्रवासाला नेणं म्हणजे आकडा नेऊन आकडा आणणं नव्हे. शिस्त हवीच, पण पोरगं काही सांगायला लागलं की गप बसायचं ते आपण!