सहा तासांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मूळचा पांढरा होतो, आता पिवळा पडलो आहे. इस्राएलमधल्या लोद गावी, विमानतळाजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कपाटाच्या डोक्यावर माझी जागा आहे. माझा पडदा माझ्याहून मोठा आणि जड, म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा, म्हणून तो कधीच भंगारात गेला. मला मात्र ठेवलं. माझ्यावर एक आळ आहे आणि तो मी मुकाट्याने सोसतो. त्याचीच ही हकीकत आहे.

१९९३ साली शाय आणि अमीर या दोन मित्रांनी मला जोडलं. दोघे नुकतेच लष्करातून सुटून आले होते. बोर्ड एका दुकानातला, डिस्क दुसऱ्या, आणि पंखा कुठल्याशा मोडक्या यंत्रातला. तो पहिल्या दिवसापासून कुरकुरायचा. पण कामाला मी वाघ होतो, हे माझं मीच सांगतो, कारण आता दुसरं कुणी सांगत नाही.

माझ्यावर त्यांनी एक खेळ बनवला, ‘फुटलेलं गलबत’. गोष्ट शायच्या वडिलांची, नेहेम्याकाकांची. ते ठाण्याहून इकडे आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आपले पूर्वज समुद्रातून येत होते, कोकणात नौगावजवळ त्यांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी तेवढी किनाऱ्याला लागली, ही कथा त्यांच्या घराघरात सांगतात. खेळात मुलांनी त्या चौदा जणांना वादळातून वाचवायचं. शेवटी ते वाळूवर दमून पडलेले दिसत आणि खाली अक्षरं येत, ‘पुढे काय झालं?’

शायने ते गमतीने लिहिलं आणि स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतला. पोत्याने पत्रं आली. येरुहामहून इन्बाल नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने तर तीनदा विचारलं, ती माणसं उठली का? वर्तमानपत्रात शाय आणि अमीरचा फोटो आला, त्यात मागे माझा कोपरा दिसत होता. मी चांगलाच फुगलो होतो.

मग तेल अवीवची एक कंपनी दुसरा भाग काढायला पुढे आली आणि आम्ही तिघे तिकडे गेलो. तिथे दर चार महिन्यांनी साहेब बदलायचा. एकाला तलवारी हव्या होत्या, दुसऱ्याला शार्क मासे. तिसरा म्हणाला, सगळं पुन्हा नव्याने काढा, हल्ली असली सपाट चित्रं कुणी बघत नाही. शायच्या चौदा माणसांना घाणा घालून तेल गाळायला शिकायचं होतं, ती बिचारी तलवार कुणावर चालवणार? ‘या हनुक्काला येतोय’ अशी जाहिरात त्या दिव्यांच्या सणाआधी दोनदा झाली आणि दोन्ही हनुक्का कोरडे गेले. बारभाईची शेती, काय लागेल हाती! १९९६ साली कंपनीला कुलूप लागलं. शाय मला मांडीवर घेऊन आगगाडीने लोदला आईवडिलांच्या घरी आला.

तेव्हा नेहेम्याकाका विमानतळाच्या मालगोदामातून नुकतेच निवृत्त झाले होते. एक दिवस ते शायच्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावरचा घाणा बघून खो खो हसले.

“अरे शाय, दोन बैल कशाला जुंपलेस? तेल काढतोस का शेत नांगरतोस? घाण्याला बैल एक. डोळ्यांना झापडं. आणि शनवारी सुट्टी, बैलाला पण. म्हणून तर आपल्याला शनवार तेली म्हणत.”

शायला मराठी समजायचं, पण तो बोलायचा हिब्रूत. तो म्हणाला, “रेगा, अबा, थांब जरा. हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी?”

त्या दिवसापासून दुपारी शाय त्यांच्यापुढे मायक्रोफोन ठेवू लागला. काका मराठीत बोलायचे, आवाज माझ्या डिस्कवर उतरायचा. त्यांचे आजोबा घाण्यावर काय म्हणायचे, सात जोडप्यांपैकी आपलं घर कुठल्या जोडप्याचं, सगळं. तीन महिन्यांत सहा तास भरले. घाण्यावरच्या म्हाताऱ्याला अबाचाच आवाज द्यायचा, हा आवाज म्हणजेच अर्धा खेळ, असं शायने अमीरला सांगितलं. खरं सांगू? त्याला खेळापेक्षा तो आवाजच हवा होता. बापलेक त्याआधी एवढं कधी बोललेच नव्हते.

खेळाच्या प्रती अमीरकडे फ्लॉपींवर होत्या. आवाज मात्र फ्लॉपीत मावणारा नव्हता. तो सीडीवर उतरवायचं यंत्र अमीर रविवारी आणणार होता.

१९९७ चा ऑगस्ट होता. शुक्रवारी दुपारी शायने मला आवाजातली खरखर काढायला बसवलं. काम दीड दिवसाचं होतं. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा दिवस, लागला की घरात कुणी बटणाला हात लावत नाही, म्हणून मला चालूच ठेवलं. शनिवारी जेवताना नेहेम्याकाका उठले, पुन्हा खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

रविवारी त्यांना माती देऊन घरचे परतले आणि सात दिवसांचं सुतक बसलं. सुतकाच्या घरात कुणाचा चेहरा आरशात दिसू नये, अशी रीत आहे. शायची आई मल्काबाई रडत रडत एकेक आरसा झाकत फिरत होत्या. न्हाणीघरातला झाकला, कपाटावरचा झाकला. मग माझ्यापुढे आल्या. बराच वेळ कुणी हात न लावल्याने माझा पडदा आपोआप काळा झाला होता आणि त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी ठाण्याहून आणलेली जाड सोलापुरी चादर काढली, पडद्यासकट माझ्यावर घातली आणि वारा लागून उडू नये म्हणून कडा खाली नीट खोचल्या.

मी चालूच होतो, मित्रांनो, आणि आत हवेला फट उरली नव्हती. मल्काबाईंना ते ठाऊक नव्हतं. शायला कशाचंच भान नव्हतं. रोज संध्याकाळी दहा माणसं जमून प्रार्थना करायची, त्यात माझ्या पंख्याचं रडगाणं कोण ऐकणार? ती रेकॉर्डिंगं मी जिवाच्या आकांताने धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी माझी डिस्क टकटक करू लागली. चौथ्या दिवशी ती थांबली.

आठव्या दिवशी शायने चादर काढली, माझ्या पाठीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्याला सगळं कळलं. दारात आई उभी होती.

“काय झालं रे, बाळा?”

“कलूम, इमा. काही नाही,” तो म्हणाला. “जुनं मशीन. आपोआप गेलं.”

त्याने चादरीची घडी घालून आईच्या हातात दिली. मग तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला.

सात वर्षं त्याने खेळाचं नाव काढलं नाही. कुठल्याशा दवाखान्यासाठी तो प्रोग्राम लिहायचा, मी कपाटावर धूळ खायचो. दुसरा भाग कधी नव्हताच, अशीही बोलवा उठली. मग २००४ साली एक मुलगी पत्ता शोधत आली. येरुहामची इन्बाल! आता ती स्वतः प्रोग्राम लिहायची.

“ती माणसं अजून वाळूवरच पडली आहेत,” ती म्हणाली. “त्यांना उठवू या.”

शाय नाही म्हणाला, मग रडला, मग त्याने अमीरला फोन केला. फ्लॉपी निघाल्या. दोन हिवाळे तिघे राबले. माझी डिस्क सॉलोमन नावाच्या एका जाणत्या कारागिराकडे गेली. त्याने महिनाभर खटपट केली. सहा तासांतली जेमतेम दोन मिनिटं हाती आली, तीही तुकड्यातुकड्यांची, आणि त्यात एकच वाक्य अखंड होतं. काकांचं घर कुठल्या जोडप्याचं, ते आता कुणालाच ठाऊक नाही.

२००६ च्या हनुक्काला खेळ आला. वाट पाहणाऱ्या मुलांना तोवर मिशा फुटल्या होत्या. चित्रं जुनाट आहेत असं काहींनी लिहिलं, पण खेळले सगळे. शायने आईला नव्या पडद्यापुढे बसवलं. पडद्यावरच्या तेल्याने घाम पुसला आणि नेहेम्याकाकांच्या आवाजात म्हणाला, “मल्का, चहा टाक गं, घसा बसला.”

मल्काबाई चटकन उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. मग परत येऊन बसल्या.

“परत लाव,” त्या म्हणाल्या. त्याने पाच वेळा लावलं.

“बाकीचं कुठाय? तीन महिने बोलत होते ते. मी किचनमधून ऐकत होते ना.”

अमीर जमिनीकडे बघू लागला. शाय म्हणाला, “मशीन खराब निघालं, इमा.”

मल्काबाईंनी कपाटाकडे पाहिलं. “मेलं खटारं! एवढा माणसाचा आवाज दिला होता, सांभाळता आला नाही मेल्याला. फेकून का नाही देत?”

“राहू दे. त्याची चूक नाही, इमा.”

“मग कुणाची?”

शायने आईकडे पाहिलं. “त्याचीच,” तो म्हणाला.

मित्रांनो, जे एकदाच मिळतं ते दोन ठिकाणी ठेवा आणि आजच ठेवा. घरातलं म्हातारं माणूस बोलत असेल तर ते काम यंत्रावर सोपवून मोकळे होऊ नका, स्वतः बसून ऐका. आणि कधी लोदला आलात तर मल्काबाईंना जरूर भेटा. त्या तुम्हाला खाऊ देतील, चहा देतील, आणि त्यांच्या माणसाचा आवाज कुणी घालवला, असं विचारतील. त्यांना सांगा, त्या कपाटावरच्या खटाऱ्यानेच.