खेळ जतन झाल्याची पोच

माझा राग वडगाव मावळात सगळ्यांना ठाऊक आहे. कचेरीसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान बावीस वर्षं चालवलं की देवमाणूसही चिडका होतो, आणि मी तर मुळातच चिडकी, नाव अकबरी. पण दुकानाची शिस्त कुणीही माझ्याकडून शिकावी. संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी केर काढायचा, दोन्ही मशीनं पुसायची आणि दोन्हींचा ब्राउझर साफ करायचा. हिस्टरी, पासवर्ड, जे जे चौकोन दिसतील त्या सगळ्यांवर टिक. एकदा एका बाईचं आधार कार्ड भलत्याच माणसाच्या विहिरीच्या अर्जाला चिकटलं होतं. तेव्हापासून माझ्या दुकानात कालचं काही आज सापडत नाही.

इंदुरीचे हौशीराम आबा एका गुरुवारी बरोबर दहाला आले. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळलेली. लाल कापडात बांधलेली दप्तरं, नकला, शिक्के आणि बाहेर जाणाऱ्या कागदावरचे जावक नंबर यांतच जन्म गेला. त्यांनी माझ्यासमोर एक पोस्टकार्ड ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, "आबा, हा खेळ मी केला आहे. शेवटपर्यंत खेळलात की मला कळवा, मी घरी येईन. राजेश्वरी." खाली वेबसाइटचा पत्ता आणि तिचा फोन नंबर.

राजेश्वरी म्हणजे त्यांची नात. हिंजवडीची नोकरी सोडून ती पुण्यात खोली घेऊन कॉम्प्युटरचे खेळ लिहायला लागली होती. घरातल्या एका लग्नात कुणीतरी विचारलं, पोरगी काय करते? आबा सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सध्या काय करत न्हाई." ती शेजारीच वाढत होती. तिनं वाढणं पुरं केलं, हात धुतले आणि पुण्याला निघून गेली. त्याला सात महिने झाले होते. आबांनी हे मला पहिल्याच दिवशी, खाली बघत सांगितलं.

"फोन करा की तिला," मी म्हणाले.

"फोनवर म्या परत कायतरी वाकडं बोलतो. त्यापरीस ह्ये बरं."

खेळात चित्रं नव्हती, नुसता मजकूर. "तुम्ही इंदुरीच्या किल्ल्याच्या दरवाजात उभे आहात. कुठं जाल?" खाली दोन-तीन पर्याय. एकावर टिचकी मारली की पुढचा मजकूर. आबा प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायचे. शेजारी एक जाडजूड रजिस्टर, त्यात कुठल्या खोलीत काय निवडलं त्याची नोंद. दोन तासांत ते दरवाजातून बुरुजापर्यंत पोचले आणि त्यांनी "जतन करा" दाबलं. पडद्यावर ओळ आली, "खेळ जतन झाला."

"ह्येची प्रिंट काढ," आबा म्हणाले.

"कशाला?"

"पोच हाय ती."

मी प्रिंट काढून दिली. गिऱ्हाईक जे मागेल ते द्यावं, अक्कल तेवढी देऊ नये, असा माझा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी "पुढे सुरू करा" दाबलं. उत्तर आलं, "जतन केलेला खेळ सापडला नाही." आबांनी खिशातून कालची प्रिंट काढली, घडी उलगडली आणि पडद्यासमोर धरली. "मग ह्ये काय हाय?" त्यांनी मशीनला विचारलं. मशीन काय बोलणार? मीच बोलले. म्हटलं, "आबा, बटण नीट दाबलं नसेल तुम्ही."

त्या दिवशी त्यांनी तीनदा बटण दाबलं आणि तीन पोचा घेतल्या. शनिवारी परत दरवाजातच उभे. मग ते पोचेवर वेळ आणि मशीनचा नंबर टाकायला लागले. एकदा मी म्हटलं, "काल दोन नंबरला बसलात, आज एकला. एका टेबलावर दिलेला अर्ज दुसऱ्या टेबलावर सापडतो का?" हे त्यांना एकदम पटलं. पस्तीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते. त्यानंतर दोन नंबर मोकळं होईपर्यंत ते बाकावर तास तास बसून राहायचे, आणि बसल्यावर परत दरवाजात उभे राहायचे.

"मग तुमच्या हातातच काहीतरी आहे," असं मी एकदा म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं. आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "नातीनं केल्यालं मला जमंना," ते म्हणाले. "तिला वाटायचं, म्हाताऱ्यानं उघडूनसुदिक बघितलं न्हाई."

अकराव्या दिवशी दाखल्यांची गर्दी होती आणि आबा दोन नंबर अडवून बसले होते. माझं डोकं फिरलं. मी तरातरा गेले, खेळातलं "मदत" हे पान उघडलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचायला लागले. म्हटलं, एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

"खेळ जतन करण्यासाठी बटण एकदाच दाबावे," मी वाचलं. "ऐकलंत? एकदाच. जतन केलेला खेळ तुमच्या याच मशीनच्या ब्राउझरमध्ये राहतो. मशीन बंद केले तरी तो जात नाही. मात्र कोणी ब्राउझर साफ केला तर…"

इथं माझा आवाज विहिरीत गेला.

"फुडं वाच की," आबा म्हणाले.

"पुढं काही नाही."

"हाय की. दोन वळी दिसत्यात."

"त्या इंग्रजीत आहेत," मी म्हणाले आणि पान बंद केलं. बावीस वर्षांत मी दुकानात खोटं बोलले ते तेवढंच. त्या संध्याकाळी शटर ओढताना मी ब्राउझरला हात लावला नाही आणि घरी जेवलेही नाही. अकरा दिवस एक म्हातारा माणूस दोन गाड्या बदलून इंदुरीहून येत होता, आणि मी रोज त्याची दिवसभराची मेहनत केराबरोबर बाहेर काढून वर त्यालाच बोलत होते.

सकाळी आबा आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. त्यांना तिथंच संशय आला, कारण मी कुणाला चहा देत नाही. मग मी सगळं सांगून टाकलं.

आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हंजे म्या रोज दप्तर बांधून ठिवत व्हतो," ते सावकाश म्हणाले, "आन् तू रोज सांच्याला ते बंबात घालत व्हतीस."

"होय आबा."

"आन् पोच दिऊन घालत व्हतीस."

मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण ते खुर्ची पुढं ओढून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख मी पहिल्यांदा पाहिलं. "मग माजा हात बरा हाय," ते म्हणाले.

मी दोन नंबरवर पाटी लावली, "हे मशीन बंद आहे." कुणी कुरकुर केली की मी नुसतं बघायचे. रजिस्टरात अकरा दिवसांच्या नोंदी होत्याच. आबांनी बुरुजापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांत काढला, जतन केलं, आणि दुसऱ्या दिवशी "पुढे सुरू करा" दाबल्यावर बुरुजावरच उभे राहिले. मला वळून म्हणाले, "हितंच हाय गं म्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी टोनरला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शेवटची खोली उघडली. तिथं लिहिलं होतं, "लाल कापडातली दप्तरं छतापर्यंत लागली आहेत. टेबलामागे एक मुलगी बसली आहे. ती म्हणते, अर्जाशिवाय इथं काही मिळत नाही. अर्ज लिहा." खाली रिकामा चौकोन. आबा गालात हसले. लहानपणी ती रेकॉर्ड रूममध्ये यायची तेव्हा गोळी मागितली की ते तिच्याकडून आधी अर्ज लिहून घ्यायचे.

अर्ज टाइप करायला त्यांना दीड तास लागला. मी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी जतन केलं, पोच घेतली आणि विचारलं, "पोचला का तिला?"

आता मदतीचं ते पान मला तोंडपाठ झालं होतं. "नाही आबा. तो या मशीनमध्येच आहे. तिला इथं येऊन उघडावा लागेल."

आबांनी पोस्टकार्ड माझ्यापुढं सरकवलं. त्यावर राजेश्वरीचा नंबर होता. तो मीच लावला. "तुझे आबा शेवटपर्यंत खेळलेत," मी म्हणाले. "वाचायचं असेल तर वडगावला दोन नंबरच्या मशीनवर ये. लवकर ये, माझा स्वतःवर भरवसा नाही."

आणि खरंच नव्हता. शनिवारी केर काढून झाल्यावर हात सवयीनं दोन नंबरच्या माउसवर गेला. सगळ्या चौकोनांवर टिक झाली होती, बाण "साफ करा"वर टेकला होता. मी माझ्याच हातावर चापट मारली आणि मशीनची वायर काढून घरी घेऊन गेले.

रविवारी कचेरी बंद, बाजारपेठ शांत. मी फक्त त्या दोघांसाठी शटर उघडलं. राजेश्वरी लोकलनं आली. आबांना नमस्कार केला आणि थेट मशीनकडं गेली. तिनं दोन नंबरवर बसून "पुढे सुरू करा" दाबलं. अर्ज उघडला. यावेळी मीही वाचला.

"विषय : चूक मान्य करणेबाबत. महोदया, लग्नाच्या पंगतीत आपल्या कामाविषयी अर्जदाराने जे विधान केले ते खोटे होते. आपण काम करता. अर्जदाराने ते अकरा दिवस पहिल्यापासून व तीन दिवस शेवटपर्यंत पाहिले आहे. तरी आपण घरी यावे, ही विनंती. आपला विश्वासू, हौशीराम."

ती आधी हसली. मग बराच वेळ पडद्याकडेच बघत बसली, आणि तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडते आहे. आबा बाकावर रजिस्टर छातीशी धरून बसले होते. तिनं ते त्यांच्या हातून घेतलं, शेवटच्या नोंदीखाली काहीतरी लिहिलं आणि परत दिलं.

आबांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. "अर्ज मंजूर. आजच घरी येत आहे." खाली सही, तारीख. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग रजिस्टर परत तिच्यापुढं केलं.

"जावक नंबर राह्यला," ते म्हणाले.