दोघंही गैरहजर

माझा धाकटा दीर बद्रीनाथ, याला रीत म्हणून नाही. सख्खा भाऊ चार दिवस दवाखान्यात, अन् यानं कार्यकर्त्याच्या हातून फुलांचा गुच्छ पाठवला. वर पक्षाच्या रंगाची फीत! दोघंही आमदार. आमचे मालक आप्पासाहेब सरकारकडून, हा विरोधात. तीन वर्षं बोलणं बंद.

सरकार तरी कसलं? तीन पक्षांची मोट, वर अपक्षांचा टेकू. त्यातले दोघं रुसून पलीकडं गेले. आता दोन्हीकडं डोकी सारखी. मतं सारखी पडली की अध्यक्षांचं मत सरकारला, तेवढ्यावर तगायचं. आप्पासाहेब गेले नाहीत तर एका मतानं सगळं कोसळणार.

विधानसभेत विश्वासठरावावर मतदान होतं, त्या दिवशी सकाळीच त्यांच्या पक्षाची माणसं स्ट्रेचर घेऊन आली. चिकलठाण्याला खास विमान उभं. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला हा प्रवास झेपणार नाही."

आप्पासाहेब उठून बसायला लागले. "मी शब्द दिलाय. जाऊ द्या मला."

मी दारात आडवी उभी राहिले. "शब्द तुमचा. अन् जीव गेला तर पक्ष परत आणून देणार हाय का?"

तेवढ्यात बद्रीनाथ आत आला. मला वाटलं, भाऊ जातो का राहतो ते बघायला आलाय. त्यानं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"दादा, झोप. मीबी मुंबईला जात नाय. तुमचं एक कमी, आमचं एक कमी. सरकार हाय तिथंच."

"येडा झाला काय? आमदारकी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"अन् सरकार पाडून मंत्री व्हायचं व्हतं ना?"

"झालो असतो. मग वहिनीनं बंगल्यावर येऊन हाणलं असतं."

पक्षाच्या माणसांना खरं वाटेना. त्यांनी त्याचा पलंगाजवळचा फोटो मुंबईला पाठवला. निरोप आला, तो हलत नसंल तर आप्पासाहेबांना राहू द्या. मग दोघं जण दाराशी त्याच्यावर पहारा देत बसले.

बद्रीनाथचा फोन सारखा वाजत होता. त्यानं तो बंद करून माझ्याकडं दिला. आप्पासाहेबांनी त्याचं मनगट धरलं अन् धरल्या धरल्याच झोपले.

दुपारी कळलं, अध्यक्षांच्या मतानं सरकार वाचलं. "पुढच्या महिन्यात पुन्हा डुगडुगणार," पहारेकरी म्हणाले अन् निघून गेले.

बद्रीनाथ तसाच बसलेला. उजव्या हाताला मुंग्या आल्या असतील, पण हात सोडवला नाही. मी डबा उघडला. भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला अन् त्याच्या तोंडाशी नेला.

"बद्री, तू ह्या धंद्याला साफ नालायक हायेस," मी म्हणाले. "अन् लई बरं झालं. आ कर."