तिसरे प्रूफ

मुद्रितशोधकाने थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला. एकशे दोन. झटकून त्याने तो पुन्हा जिभेखाली ठेवला. पुन्हा एकशे दोनच.

त्याने दाराला आतून कडी लावली, खिडकी सताड उघडली आणि टेबलावरचं पत्रक ओढून घेतलं. 'फ्लू : काय काळजी घ्याल?' गेल्या महिन्यात छापखान्यात त्याने त्याची तीन प्रुफं तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सगळं. तिथले लोक चिडवायचे, "म्हातारा अक्षरं खातो आणि अर्थ पानात टाकतो."

आज तो ते पत्रक पहिल्यांदाच वाचत होता.

'ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्णाकडून इतरांना संसर्ग होऊ शकतो.'

आदला दिवस म्हणजे काल. काल सकाळी दोन महिन्यांची नात तासभर त्याच्या मांडीवर होती. त्याचं बोट मुठीत पकडून चिमणीने ते तोंडात घातलं होतं. त्याने काढलं नव्हतं. त्याने ते बोट आता सदऱ्याला पुसलं.

दारावर टकटक झाली.

"बाबा, चहा. आणि कडी कशाला? चोरून कादंबरी लिहिताय की काय?"

सुनेचा आवाज ऐकून तो दोन पावलं मागे सरला.

"बाहेरच ठेव. दाराशी थांबू नकोस. ताप आहे मला."

कप फरशीवर टेकला.

"अगंबाई! पण लस घेतलीय ना तुम्ही? मग फार नाही वाढायचा."

त्याची नजर पुढच्या ओळीवर गेली. 'सहा महिन्यांखालच्या बाळांना ही लस देता येत नाही. म्हणून घरातल्या सर्वांनी ती घ्यावी.' मधला पूर्णविराम त्यानेच घातलेला होता.

दवाखान्यात तो गेला होता. पण बाह्या वर करून बसलेली ती रांग पाहून संकोचला आणि बागेत वेळ काढून घरी परतला. "दुखलं का हो?" सुनेने विचारलं होतं. "छे, मुंगी चावल्यासारखं," तो म्हणाला होता.

"सूनबाई," तो म्हणाला. "मी लस घेतली नाही. खोटं बोललो. आणि काल चिमणी माझ्यापाशी होती."

पलीकडून अगदी हळू आवाज आला,

"दुपारपासून ती दूध नीट ओढत नाहीये, बाबा. अंग कढत लागतंय. मला वाटलं, माझेच हात गार आहेत."

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. माझ्या तापाचं सांग. लसीचंही सांग. काही लपवू नकोस."

पावलं धावली. मुलाला मारलेली हाक, किल्ल्यांचा आवाज, जिना. नातीचं रडणं ऐकू येतं का म्हणून त्याने दाराला कान लावला. आलं नाही. खिडकीतून गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसली.

फोन समोर ठेवून तो बसला. सवयीने हाताने लाल पेन उचललं. पेनाचं टोक 'घरातल्या सर्वांनी' या शब्दांखालून सरकत गेलं, पुन्हा मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

ओळीत एकही चूक नव्हती.