साक्षात्कारी गीझर

जिन्यात एवढी माणसं आणि प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल, असा देखावा मी जन्मात पाहिला नव्हता. तळमजल्यापासून ताईच्या दारापर्यंत रांग! कुणाच्या हातात साबणाची डबी, कुणाच्या हातात कोरडे कपडे, आणि वरच्या मजल्यावरचे रिटायर झालेले साहेब तर चक्क प्लास्टिकची अंघोळीची टोपी घालून उभे.

मी पिशवी सावरत विचारलं, "काय हो साहेब, घरात पाणी नाही का?"

"पाणी आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "साक्षात्कार नाही."

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांच्या वर्गात एकदा बेडूक सुटला होता, तेव्हाही मी डगमगले नव्हते. पण या उत्तराने मात्र डगमगले. मी लोकांना ढकलत वर गेले. मागून आवाज आले, "अहो बाई, रांग आहे, रांग!" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं घर आहे, मला अंघोळ नकोय."

ताईने दारातच मला मिठी मारली. डोळे लाल, केस ओले, चेहरा असा की लॉटरी लागली असावी.

"आलीस बाई! तुझाच गं तो गीझर! तुझ्या गीझरमध्ये देव उतरला!"

आता हा गीझर माझा कसा, ते सांगते. ताईकडचा जुना टाकीवाला गीझर म्हणजे दोन माणसांची अंघोळ झाली की संपला. तिसऱ्याची किंकाळी गल्लीत ऐकू जायची. त्यात भाची बाळंतपणासाठी आईकडे येणार होती. म्हणून महिन्याभरापूर्वी ताई, भाऊजी आणि मी दुकानात गेलो. भाऊजींचं मन सगळ्यात चकचकीत डिजिटल पडद्याच्या गीझरवर बसलं. मी दुकानदाराला विचारलं, थंडीत आमचं पाणी किती गार येतं ते धरून हा मिनिटाला किती लिटर तापवेल? स्वयंपाकघरातला नळ त्याच वेळी सोडला तर काय होईल? त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मुकाट्याने एक साधा, टाकी नसलेला, प्रोपेनच्या सिलिंडरवर चालणारा गीझर दाखवला. नळ सोडला की भक्कन पेटणार, बंद केला की विझणार. आणि जाताना बजावलं, "हा एकतर बाहेर गॅलरीत टांगा, नाहीतर धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढा. गॅस जळतो यात. विसरू नका." भाऊजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडे परगावी गेले. भाऊजींच्या मान डोलावण्यावर विश्वास ठेवून! आणि परतले ती आज.

"ये, ये, लेक कालच आलीय, आत झोपलीय. तू आधी महाराजांना भेट," ताई मला ओढत म्हणाली.

हॉलमध्ये, भाऊजींच्या आरामखुर्चीत, पांढरा झगा घालून एक गुबगुबीत गृहस्थ बसले होते. हातात छोटी घंटी. मी मनातल्या मनात त्यांचं नाव वाफबाबा ठेवलं आणि पुढे तेच वापरलं.

प्रकार असा झाला होता. गीझर बसल्यावर पहिली अंघोळ ताईने केली. पाच-दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके नाचायला लागले, कानात घंटा वाजायला लागल्या, शरीर हलकं झालं आणि ती बाहेर येऊन रडली. आनंदाने. मग भाऊजी गेले, त्यांना त्यांची वारलेली आत्या दिसली. शेजारची शिवणकाम करणारी बाई गेली, तिला काही दिसलं नाही, पण ती तासभर हसत होती. तिनेच कुठूनतरी या महाराजांना गाठून आणलं. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "जागृत आहे!"

"डोकं दुखतं का?" वाफबाबा रांगेतल्या एकाला विचारत होते.

"फार दुखतं, महाराज. कालपासून."

"अहंकार निघतोय. मळमळतं?"

"हो ना!"

"पाप वर येतंय, येऊ द्या. आणि ज्याला काहीच होत नाही, त्याचं पाप खोल रुतलेलं असतं. त्याने उद्या परत यावं."

वा! म्हणजे डोकं दुखलं तरी महाराज बरोबर, नाही दुखलं तरी महाराज बरोबर. असली परीक्षा मलाही शाळेत घेता आली असती, तर एकही मूल नापास झालं नसतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. प्रत्येकाला मोजकाच वेळ. घंटी वाजली की बाहेर. मग बाबा स्वतः उठून न्हाणीघराचं दार सताड उघडत, वरची छोटी खिडकी आणखी उघडत, आणि म्हणत, "शक्तीला जरा विसावा द्या." मगच पुढचा माणूस आत. रांग जिन्यात का तुंबली होती, ते मला कळलं.

"महाराज, तुम्ही नाही का अंघोळ करत इथे?" मी विचारलं.

"मी देणारा आहे, बाई. घेणारा नाही."

"अगं, तू जाऊन तर बघ," ताई म्हणाली. "बाहेर उभं राहून नाकं मुरडायची, ही तुझी जुनी खोड." रांगेतले लोकही टाळ्या पिटायला लागले. "बाईंना आधी सोडा! गीझर त्यांनीच निवडलाय!" मला त्या दिवशी पहिल्यांदाच कुठल्या तरी रांगेत असा मान मिळाला. मी टॉवेल उचलला.

आत गेले. भाऊजींच्या लाडक्या निळ्या टाइल्स, त्यांवर मासे. नळ सोडला, भक्कन ज्योत पेटली, धो-धो गरम पाणी. छान! मीच निवडलेला ना! मी गुणगुणायला लागले. थोड्या वेळाने टाइल्सवरचे मासे पोहायला लागले. मला फार मजा वाटली. कानात गोड किणकिण सुरू झाली. मग मला शाळेतले माझे जुने मुख्याध्यापक आठवले आणि मी त्यांना माफ करून टाकलं. नंतर वाफबाबा आठवले. किती गोड माणूस! किती प्रेमळ डोळे! त्यांच्या पायाशी जाऊन बसावं असं मला अगदी मनापासून वाटलं.

आणि तिथेच मी दचकले. मला? वाफबाबाबद्दल प्रेम? म्हणजे माझं डोकं नक्की बिघडलंय!

मी भिंतीला धरून मान वर केली. गीझरच्या डोक्यावर एक गोल तोंड होतं, आणि त्या तोंडावर पाइपच नव्हता.

घंटी वाजायच्या आधीच मी नळ बंद करून, कशीबशी टॉवेल आणि गाऊन गुंडाळून बाहेर पडले. कपाळात कुणीतरी खिळा ठोकत होतं. लोकांनी जयजयकार केला. "दिसलं का बाई? काय दिसलं?"

"भाऊजी दिसले!" मी ओरडले. "भाऊजी, धुराचा पाइप कुठाय?"

भाऊजी चपापले. "तो... माळ्यावर."

"माळ्यावर काय करतोय तो? तिथे कोण अंघोळ करतं?"

"अगं, फिटर म्हणाला भिंतीला एवढं मोठं भोक पाडावं लागेल. त्या टाइल्स मी किती हिंडून आणल्यात! एक फुटली तर तसला मासा परत मिळत नाही. मग मी त्याला घालवून दिला आणि दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून टांगून घेतला. नीट चालतोय की!"

"माशासाठी? माशासाठी तुम्ही घरभर विष केलंत?"

"बाई," वाफबाबा गोड हसले, "पाइपने धूर जातो. इथे धूर दिसतो का कुणाला? वास येतो का? नाही! कारण इथली ज्योत पवित्र आहे."

"दिसत नाही आणि वास येत नाही, म्हणूनच तर ते भयंकर!" मी म्हटलं. मग काय, आमची जुंपलीच. मी एक बोलावं, बाबांनी चार बोलावीत, रांगेने दोघांनाही टाळ्या द्याव्यात. साहेब टोपी न काढता मधेच म्हणाले, "मुद्दा क्रमांक दोनवर बाईंची बाजू वरचढ." मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती. डोकं फुटत होतं, तरी मजा यायला लागली होती.

तेवढ्यात ताई हॉलमध्ये आली, हात पदराला पुसत, समाधानाने.

"भांडा तुम्ही," ती म्हणाली. "मी लेकीला आत पाठवली. बाळाला पण आशीर्वाद मिळू दे. घंटीबिंटी काही नाही, पोटभर अंघोळ कर म्हटलं. बराच वेळ झाला की गेली त्याला. आणि गार वारा लागू नये म्हणून वरच्या खिडकीत उशी कोंबली, दाराखाली टॉवेल लावला. आईचा जीव शेवटी."

मी हलण्याआधी बाबा हलले. तो गुबगुबीत माणूस खुर्चीतून असा उडाला की खुर्ची उलटी झाली. झगा दोन्ही हातांनी वर धरून (खाली जीन्स होती) तो न्हाणीघराकडे नाही, थेट गॅलरीत पळाला. तिथे सिलिंडर होता. त्याने रेग्युलेटर एका झटक्यात बंद केला आणि तिथूनच किंचाळला, "उशी काढा! दार उघडा! तिला बाहेर आणा, बाहेर!"

मी आणि भाऊजी दारावर आदळलो. कडी नव्हती, तेवढं नशीब. भाची स्टुलावरून घसरून भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, पाणी अंगावर वाहतंय. ताईने चादर टाकली, आम्ही तिला काखेत धरून ओढत गॅलरीत आणलं. तिचं पोट, त्यातलं बाळ, आणि तिचे अर्धे मिटलेले डोळे. इतका वेळ मी वाद जिंकत होते, आणि पोरगी आत गुदमरत होती.

"समाधी लागली!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"समाधी कसली, मरेल ती!" बाबा ओरडले.

साहेब टोपीसकट जिना उतरत धावले आणि तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरून वर घेऊन आले. तोवर मोकळ्या हवेत भाचीने डोळे उघडले होते. "आई, मळमळतंय," एवढं म्हणाली, आणि ताईने हंबरडा फोडला.

डॉक्टरीणबाईंनी न्हाणीघरात एकदाच डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला ऑक्सिजन हवा, आत्ताच्या आत्ता. आणि या गीझरखाली ज्यांनी ज्यांनी अंघोळ केली, ते सगळे चला माझ्याबरोबर."

निघताना साहेबांनी वाट अडवली. "महाराज, एक शंका आहे. पोरगी आत पडली, तर देवाचा धावा करायचा सोडून तुम्ही सिलिंडरकडे कसे धावलात?"

बाबांनी मान खाली घातली. गालावरचा घाम झग्याला पुसला. "मी आधी गीझर विकायचो," ते म्हणाले. "एका गिऱ्हाइकाकडे असंच झालं होतं. घरच्यांना प्रकाश दिसला, त्यांना ते आवडलं. मी खिडकी कधीच पूर्ण बंद होऊ देत नव्हतो हो. घंटी त्यासाठीच होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" शिवणकामवाली बाई किंचाळली, आणि तिने हातातला ओला टॉवेल असा फिरवला की बाबांचा पुढचा खुलासा टॉवेलातच राहिला. पुढे पोलिसांनी त्यांना नेलं, तेव्हाही ते डोकं चोळत होते.

दवाखान्यात तर गंमतच झाली. पुन्हा रांग! टॉवेल तेच, माणसं तीच, फक्त आता टोकाला घंटीऐवजी रक्त काढायची सुई. "पुढे या, पाप वर येतंय," वाटेत सगळी हकिकत ऐकलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी इतकी हसले की माझ्याच दंडातली सुई हलली.

मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनने बसायच्या जागेवर तो जाऊन बसतो. मेंदूला प्राणवायू मिळत नाही. मग डोळ्यांपुढे प्रकाश नाचतो, कानात घंटा वाजतात, माणूस विनाकारण हसतो, रडतो. आणखी थोडा वेळ आत राहिला, तर उठतच नाही. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका.

हे शेवटचं वाक्य ऐकून हसणं थांबलं. पडद्याच्या पलीकडे भाची मास्क लावून पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर यंत्र ठेवलं. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. नुसती खरखर. ताईने माझा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे.

आणि मग आवाज आला. धडधड, धडधड, धडधड, अगदी घाईघाईने.

"चमत्कार!" बाहेरून कुणीतरी ओरडलंच.

"ऑक्सिजन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि वेळेवर उघडलेलं दार. तरी दोन दिवस इथेच राहायचं, मी लक्ष ठेवणार आहे."

ताईने माझा हात सोडला आणि पडदा बाजूला सारला. मला वाटलं, आता ही देवाचे आभार मानणार. पण ती त्या टॉवेलवाल्या सगळ्या लोकांसमोर उभी राहिली.

"घरी जा सगळे," ती म्हणाली. "आणि आधी आपला गीझर कुठे टांगलाय ते बघा. धूर बाहेर जातोय का ते बघा. जात नसेल तर तो पेटवू नका, गार पाण्याने अंघोळ करा. कुणी कितीही गोड बोललं, तरी हे असं का होतंय, हे विचारल्याशिवाय ऐकू नका. मी विचारलं नाही. ती उशी मी कोंबली होती, माझ्या हाताने, माया म्हणून. माझी लेक आत गुदमरत होती आणि मी बाहेर पदराला हात पुसत होते."